सात थेंब

दुधात टाका म्हणाले, नुसते नको, घशाला लागतील.
सकाळी सात, दुपारी सात, रात्री सात.
दहा दिवस. अकराव्या दिवशी टेबलावर.
थेंब पडतो तो काळपट, दुधात क्षणभर मूळ सोडतो
आणि मग सगळं दूध चहाच्या रंगाचं.
चव विचाराल तर जुनं नाणं चोखावं तशी.
पहिल्या दिवशी मोजताना हात हलला,
आठ पडले की नऊ, कळलं नाही.
ओट्यावरचा डाग अजून निघालेला नाही.
तेजल म्हणते, आई, हळद सांडली असती तर तू मला मारलं असतंस.

हातच सांगत होता खरं तर, सगळ्यांच्या आधी.
मार्केट यार्डात, पहाटे साडेचारला,
शेवंती काट्यावर ठेवली तर आकडा ठरेचना.
पाच दोनशे. पाच चारशे. पाच शंभर.
गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, हात काढा की पाटीवरून.
मी हात काढला.
आकडा उभा राहिला.
मी हलतच राहिले.

दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या, छातीतलं घोडं बांधलं गेलं.
गोळ्या थांबल्या आणि तीन महिन्यांत दावं तोडून परत दारात.
मग डॉक्टर खिंवसरांनी माझ्याच रिपोर्टच्या मागे तीन रेघा ओढल्या.
गोळ्या पुन्हा, कदाचित वर्षानुवर्षं.
नाहीतर किरणांचं औषध, एकदाच प्यायचं, चिरफाड नाही,
पण काही दिवस लेकरापासून लांब निजायचं,
आणि तुमचे डोळे आधीच पुढे आलेत, ते आणखी बिघडू शकतात.
नाहीतर गळा उघडून थायरॉईड काढून टाकायची.
मग रोज सकाळी एक गोळी, जन्मभर.
आवाजाची नस तिथूनच जाते.
सहसा काही होत नाही.

'सहसा' मी घरी घेऊन आले,
गुलटेकडी ते अप्पर, बसमध्ये मांडीवर ठेवून.

शालनवन्सं म्हणाल्या, सासवडला एक जण पाला देतो.
शेजारच्या गाळ्यावरचे टिळेकर म्हणाले, कापून मोकळं व्हा.
नवरा म्हणाला, तुझं तू ठरव.
भाजी कुठली करू विचारलं तरी हेच म्हणतो.

मी तोलून बघायला गेले
पण दोन पारड्यांचा तराजू आता कुणाकडे आहे?
सगळे काटे एका ताटाचे.
एका वेळी एकच ठेवायचं, आकडा वाचायचा,
उचलायचं, लक्षात ठेवायचं, मग दुसरं.
डोळे ठेवले.
आवाज ठेवला, तीन नंबरच्या गेटपर्यंत जाणारा,
ज्याच्यावर तेजलचं कॉलेज झालं.
मल्हार ठेवला, दोन वर्षांचा,
माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय जो झोपत नाही.
आधीचा आकडा प्रत्येक वेळी विसरून जायचे.

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं,
आजवर कितीजणींचा गेला, तुमच्या हातून?
ते थोडा वेळ पेनाचं टोपण लावत बसले.
दोघींचा, म्हणाले.
एकीचा चार महिन्यांनी परत आला.
दुसरीचा नाही आला.
तिचं नाव सांगितलं नाही, पण ती शिकवणी घ्यायची,
आणि फळ्यावर लिहून लिहून तिचा खांदा दुखायला लागला,
इतकं त्यांना ठाऊक होतं.
मी म्हटलं, तारीख द्या.

आज सातवा दिवस.
तेजलने मोबाईल समोर धरला, म्हणाली, आई, एकदा पुकार,
राहू दे माझ्याकडे.
स्वयंपाकघरात कसं पुकारायचं? समोर फक्त कुकर.
लाजत लाजत सुरुवात केली,
मग कधी हात कमरेवर गेला कळलं नाही:
निशिगंधऽ साठ, निशिगंधऽ साठ, झेंडू घ्या झेंडूऽ
वरच्या मजल्यावरून लोणकरबाई ओरडल्या,
झेंडू कसा दिला हो?
रेकॉर्डिंगमध्ये त्याही आल्या आणि आमचं हसणंही.
पुन्हा करू, तेजल म्हणाली.
नको म्हटलं. हेच ठेव.

ग्लास धुतला.
रात्रीचे सात राहिलेत.